हिरवा ठिपका

"काका, हा छोटावाला घ्या. पांढरा. दिवसा बारा तास लावायचा, रात्री बंद. बस्स." मासे-खेकड्यांच्या दुकानातल्या मुकेशने वीतभर लांबीची दिव्याची पट्टी काउंटरवर ठेवली.

हरिचंद्रांनी ती उलटसुलट करून पाहिली. मागे मोठा पिवळा बल्ब टांगलेला होता, तो हा दाखवतच नव्हता. कॅम्प तीनच्या बाजारातला दुकानदार आपण होऊन स्वस्तातली वस्तू पुढे करतो म्हणजे जुना माल खपवत असणार.

"ऊब लागते ना त्याला?"

"बदलापूरची गर्मी कम पडते का काका? मोठ्या बल्बने रेती सुकेल. ओल पाहिजे त्याला."

हे ऐकून तर हरिचंद्रांचा संशय पक्काच झाला. "बघतो," म्हणून ते बाहेर पडले आणि शेअर रिक्षाने अंबरनाथला गेले. तिथला दुकानदार मोठा बल्ब द्यायला तयारच होईना. शेवटचा आहे, दुसऱ्याने सांगून ठेवलाय, म्हणाला. कारखान्याच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं माल पारखलेला माणूस तिथे विरघळला. बल्ब घेऊनच बदलापूरला, मांजर्लीतल्या घरी परतला.

शंखात राहणारा तो खेकडा त्यांच्या मुलीचा, स्वप्नालीचा. नाशिकच्या इस्पितळात नोकरी लागली तेव्हा काचेची पेटी बापाच्या हवाली करून ती गेली. "आत दोन-तीन रिकामे शंख राहू द्या," एवढं जाताना बजावून गेली. शोभेसाठी असतील, असं समजून हरिचंद्रांनी शोकेसमधला सुंदराबाईंचा शंखही आत ठेवला. कारखान्याच्या सहलीत अलिबागला बायकोने तो वेचला होता. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

खेकड्याच्या शंखावर मात्र त्यांनी हिरव्या रंगाचा ठिपका दिला होता. कारखान्यात पास झालेल्या मालाला द्यायचे तसाच. उद्या कोणी अदलाबदल केली तर कळायला नको?

कोणी म्हणजे राजेंद्र. मुलगा कल्याणला राहायचा, दर रविवारी यायचा आणि दर रविवारी एकच विषय काढायचा. एकटे राहू नका, ही जागा विकू, माझ्याकडे चला. मागच्या खेपेला पेटीकडे बघत म्हणाला होता, "हा जगला तर मानलं तुम्हाला." गमतीने म्हणाला होता, पण हरिचंद्रांनी ते बोलणं मनात धरून ठेवलं होतं.

नव्या बल्बखाली चार दिवसांत रेती भाजल्यासारखी झाली. खेकडा एका कोपऱ्यात जाऊन बसला, तो हलेना.

रविवारी सकाळी हरिचंद्र विहारातून वंदना करून आले, तर राजेंद्र आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून आत बसलेला. पेटीवर मोठा बल्ब नव्हता. वीतभर पांढरी पट्टी लावलेली होती, रेतीवर पाणी शिंपडलेलं होतं. आणि मधोमध हिरव्या ठिपक्याचा शंख आडवा पडलेला. रिकामा.

हरिचंद्रांनी तो उचलून आत बोट घालून पाहिलं.

"कुठंय तो?"

"आत्ता तर कोपऱ्यात होता, बाबा. मी येताना कॅम्प तीनला उतरून मुकेशकडून दिवा घेऊन आलो. तोच म्हणाला, काका काही न घेता गेले."

"मेला म्हणून फेकलास? का मुद्दाम काढलास? म्हणजे मला न्यायला मोकळा."

राजेंद्र उठला. मग टेबलावर किल्ली ठेवत म्हणाला, "एका खेकड्यासाठी मला चोर ठरवलंत. आई असती तर तुमची थट्टा केली असती." तो गेला. त्याने करून ठेवलेला चहा तसाच राहिला.

अकराला स्वप्नालीचा व्हिडिओ फोन यायचा होता, खेकडा बघायला. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत हरिचंद्र पेटीसमोर बसून राहिले. तेवढ्यात ओल्या रेतीत काहीतरी खरडल्यासारखा आवाज झाला. सुंदराबाईंचा शंख हलला. थांबला. पुन्हा हलला. खालून आधी एक पाय आला, मग दुसरा, मग देठावरचे दोन बारीक डोळे. खेकडा नवं घर अंगावर घेऊन, जरा जड चालीने, पांढऱ्या उजेडाकडे निघाला होता.

मालाचा डबा बदलतो, माल तोच राहतो, हे एकतीस वर्षांत आपल्याला कधी तपासावंच लागलं नव्हतं, असं त्यांना वाटून गेलं.

त्यांनी राजेंद्रला फोन लावला. माफी मागायची सवय नव्हती, शब्द आले नाहीत.

"दिवा चांगला आहे," ते म्हणाले.

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. "मग?"

"किल्ली इथंच राहिली तुझी. घेऊन जा."

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाटातून हिरव्या रंगाची बाटली काढली. झाकण उघडलं. पेटीत वाकून पाहिलं आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग ठिपक्याचा रिकामा शंख धुतला, धोतराने पुसला, आणि शोकेसमध्ये सुंदराबाईंच्या शंखाची धुळीत गोल जागा उरली होती, तिथे ठेवून दिला.