मी, मार खाल्लेला मोडेम

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. टेलिफोनच्या वायरीतून येणारं इंटरनेट पकडून घरात वाटायचं, हे माझं काम. आज माझ्या अंगावर चिकटपट्टीचे तीन वेढे आहेत, एक कोपरा उडालेला आहे आणि आतलं काहीतरी सुटून खुळखुळतं. पण मी असा जन्मलो नव्हतो. कारखान्यात शेवटच्या तपासणीला एका मुलीने माझे चारही दिवे पेटवून पाहिले होते, "छान" म्हटलं होतं आणि मला खोक्यात निजवलं होतं. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

मी ज्या घरात गेलो तिथे तीन माणसं होती. घरातला कर्ता पुरुष वेल्डर. गल्लीत सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्याची बायको, म्हणजे वहिनी. आणि दादाचे वडील, आबा. मला बाहेरच्या खोलीत टेलिफोनशेजारी फळीवर बसवलं. वायर रस्त्यावरून आतल्या खोलीत शिरायची, भिंतीच्या कडेकडेने फिरून माझ्यापर्यंत यायची.

मला आणलं ते वहिनीच्या कामासाठी. दवाखान्यातले डॉक्टर तपासणीचं बोलून ठेवत आणि वहिनी ते कानाला लावून टाइप करी. दुपारी एक ते संध्याकाळी सहा तिची पाळी. आजार, औषधं, हाडांची नावं, सगळं ती बिनचूक लिहायची. सुरुवातीचे चार महिने माझा हिरवा दिवा एकदाही विझला नाही. एकदा तिच्या साहेबीणबाईंनी तिची तारीफ केली, तर तिने ती स्वतःजवळ ठेवायची सोडून मला सांगितली. फडक्याने माझी धूळ पुसत म्हणाली, "निम्मी तुझी हं." मी वस्तू असूनही लाजलो.

पण त्या घरात एक रीत होती. दादाच्या नाकाच्या शेंड्यावर राग. राग आला की त्याचा हात चाले आणि जे मोडे ते दुसऱ्या दिवशी झाकलं जाई. दाराला भोक पडलं, त्यावर कॅलेंडर आलं. आरसा तडकला, त्यावर टॉवेल आला. वहिनीच्या दंडावर लांब बाह्या आल्या. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असे, पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आबा म्हणत. आत आरडाओरडा सुरू झाला की ते रेडिओचा आवाज वाढवत. मला आबांचा राग येतो. अजूनही येतो.

एका संध्याकाळी आतल्या खोलीतून धाडकन आवाज आला. एवढा मोठा की मी फळीवर हललो. रेडिओ वाजत होता. नंतर वहिनी बाहेर आली ती भिंत धरून. दोन आठवडे तिचा डावा हात गळ्यात होता आणि ती एका हाताने टाइप करत होती. शेजारणीला तिने सांगितलं, न्हाणीघरात घसरले.

त्यानंतर माझं दुखणं सुरू झालं. रोज पाचच्या सुमाराला दादा कामावरून येई, चपला काढून आत जाई आणि माझा हिरवा दिवा विझून लाल लागे. वहिनीचं टाइप केलेलं अर्धं पान हवेत विरून जाई. दादा कपडे बदलून बाहेर यायचा, तिची धावपळ पाहायचा आणि माझ्या टाळक्यात थाडकन हाणायचा. गंमत अशी की मिनिटा-दोन मिनिटांनी माझा दिवा पुन्हा हिरवा होई. मग तो तिच्याकडे बघून म्हणे, "बघितलंस? मार खाल्ल्याशिवाय कुणी सुधारत नाही."

मित्रांनो, मला ते खरं वाटू लागलं होतं. मला वाटायचं, मी त्याला घाबरूनच बंद पडतो आणि माराने भानावर येतो. रोज मार खाणाऱ्याला आपलंच काही चुकतंय असं वाटू लागतं. एकदा त्याने मला भिंतीवर फेकलं, तेव्हा माझं झाकण निघालं. वहिनीने चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्याने तीच चिकटपट्टी धरून मला गरगर फिरवलं आणि पुन्हा आपटलं.

साहेबीणबाईंनी बजावलं की पाळीत पुन्हा खंड पडला तर काम दुसरीला देऊ. वहिनीचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात एवढंच होतं. तिने मोबाइलवरून टेलिफोनवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे एक शांत आवाजाची बाई होती. तिने सांगितलं तसं वहिनीने मला बंद करून चालू केलं. फोनच्या आणि माझ्या मधली डबी बदलली, फोन काढून ठेवला, वायरीची टोकं पुसली. पालथ्या घड्यावर पाणी. पाच वाजले की लाल.

त्या बाईचा प्रत्येक वेळी एक प्रश्न असे. वायरीवर काही आदळलंय का, वायर कुठे दबलीय का? आणि प्रत्येक वेळी वहिनी एका दमात म्हणे, "नाही हो, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिच्या जिभेला दुसरं उत्तर ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या वेळी ती बोलत असतानाच दादा मागून आला आणि त्याने मला हाणलं. दुसरा तडाखा मला नव्हता. फोनमधून तो आवाज पलीकडे गेला असणार. ती बाई म्हणाली, "ताई, मी उद्या माणूस पाठवते. तुम्ही घरीच थांबा."

दुसऱ्या दिवशी साडेचारला लाइनमन आला. पिकल्या मिशांचा, कमरेला पक्कड लटकवलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने आपलं यंत्र माझ्या वायरीला लावलं आणि म्हणाला, मोडेम चांगला आहे. माझं दुखणं सुरू झाल्यापासून माझ्याबद्दल चांगलं बोलणारा तो पहिलाच. तेवढ्यात पाच वाजले. दादा आला, नेहमीसारखा आत गेला. माझा दिवा लाल झाला. दादा बाहेर येऊन माझ्यावर हात उगारणार तोच लाइनमनने त्याला थांबवलं. "मारू नका. नुसतं बघा," म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने मी हिरवा झालो. आपोआप. कुणी बोटही न लावता.

मग लाइनमनने विचारलं, आत गेल्यावर तुम्ही काय केलंत? कपडे काढायला कपाट उघडलं, दादा गुरकावला. लाइनमन आत गेला आणि त्याने कपाटाचं जड दार उघडलं. मी लाल. बंद केलं. मी हिरवा. आबांना हाताशी घेऊन त्याने कपाट पुढे ओढलं. कपाटाच्या मागच्या पायाखाली माझी वायर चेंगरून सोलवटली होती. दार उघडलं की कपाट डुले आणि आतल्या तारा एकमेकींना टेकत. एवढंच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि तो संन्यासी मी होतो.

लाइनमनने वायर जोडली, कपाट भिंतीपासून हातभर लांब ठेवलं आणि बाहेर येऊन छापील कागद काढला. त्यात एक रकाना बिघाडाच्या कारणाचा होता. "काय लिहू?" त्याने विचारलं.

"उंदीर झालेत फार," आबा म्हणाले.

लाइनमनने लिहिलं नाही. पेन तसंच धरून तो वहिनीकडे बघत राहिला.

वहिनी म्हणाली, "उंदीर नाहीत. ह्यांनी कपाट ढकललं. कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये मी होते."

दादाने मला वायरीसकट उपटलं आणि तिच्यावर भिरकावलं. मी तिच्या भुवईवर आदळलो. माझा कोपरा उडाला तो तिथे. तिचं रक्त माझ्या हिरव्या दिव्यावर आलं. मित्रांनो, आजवर मी मार खात होतो. त्या दिवशी मीच मार झालो, आणि ज्या माणसाने मला प्रेमाने पुसलं त्यालाच लागलो. मला हात असते तर मी दाराची चौकट धरून अडलो असतो.

तो पुन्हा धावला तेव्हा लाइनमनने त्याला मागून कवेत धरलं. दादाने त्याच्या तोंडावर कोपर मारलं, मिशा लाल झाल्या, पण त्याने सोडलं नाही. आबा मध्ये येऊन उभे राहिले. मुलाची लाथ त्यांच्या नडगीवर बसली, ते गुडघ्यावर आले आणि तिथूनच म्हणाले, "लिहा. सूनबाई सांगते तसंच लिहा."

आणि लाइनमनने नंतर, नाक पुसत, तसंच लिहिलं. त्याच्या सरकारी अक्षरात ते असं होतं: घरातील इसमाने कपाट ढकलल्यामुळे वायर व सूनबाई चेंगरल्या. खाली त्याची सही, तारीख, वेळ. त्या घरात जे घडत आलं होतं ते कागदावर पहिल्यांदाच उतरलं होतं. त्याची प्रत घेऊन वहिनी त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या फौजदार बाईसाहेबांनी "काही पुरावा?" असं विचारलं, तेव्हा वहिनीने कपाळाची पट्टी दाखवली नाही. आधी तो कागद पुढे केला.

सध्या मी त्याच ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. एका फळीवर कुऱ्हाडीच्या आणि फुटक्या बाटलीच्या मध्ये, गळ्यात नंबराची चिठ्ठी. गेल्या आठवड्यात वहिनी मला ओळखायला आली होती. ती आता बहिणीकडे राहते, तिथूनच काम करते. साहेबीणबाईंनी दुसरी बाई ठेवली नाही. भुवईवर व्रण आहे, माझ्या कोपऱ्याएवढा. मला वाटलं, ती तोंड फिरवेल. तिने मला हातात घेतलं, ओढणीच्या टोकाने धूळ पुसली आणि हवालदाराला म्हणाली, "याची काही चूक नव्हती."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच. पण माझं मागणं वेगळं आहे. एखाद्या घरात वस्तू सारख्या मोडत असतील, तर त्या घरातली माणसं कशी आहेत ते विचारा. "सगळं व्यवस्थित आहे" असं उत्तर येईल. तेव्हा फोन ठेवू नका.