गालाच्या आतले ठिपके

श्रीकांतची बँकेत बदली झाली आणि १९७२च्या जानेवारीत श्यामला पाच वर्षांच्या लीनाला घेऊन पुण्याहून बंगालमध्ये, बेहाला इथे राहायला आली. दोनच महिन्यांत लीना तापानं पडली. नाक गळत होतं, खोकला थांबत नव्हता. सर्दीच असेल म्हणून श्यामला आल्याचा काढा देत राहिली. त्यात चार दिवसांनी धाकटी बहीण शैला नागपूरहून इकडे यायला निघणार होती, पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई खाली आल्या. सगळे त्यांना मासिमा, म्हणजे मावशी, म्हणत. पोरीचा खोकला त्यांना वर ऐकू जात होता. त्यांनी खिडकी उघडली, तर उजेडानं लीनानं डोळे गच्च मिटले. डोळे लालबुंद, पाणावलेले. मासिमांनी तिला तोंड उघडायला लावलं आणि आत टॉर्च धरला. गालाच्या आत, दाढांजवळ, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते.

"हाम," मासिमा म्हणाल्या.

श्यामलाला काही कळेना. मग मासिमांनी स्वतःच्या कानामागे बोट टेकवलं आणि तिथून चेहऱ्यावर, गळ्यावर, छातीवर ठिपके दिल्यासारखं टेकवत खाली आणलं.

"अगं बाई, गोवर! पण अंगावर तर एकही पुरळ नाही."

"कल निकलेगा," मासिमा म्हणाल्या. "हम पाँच बच्चा पाला है."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वर म्हणाले, "पुरळ दिसायच्या आधीपासूनच हा आजार लागतो. तान्ह्या बाळाला इकडे अजिबात आणू नका."

श्रीकांत तसाच तारघराकडे धावला.

दुसऱ्या दिवशी लीनाच्या कानामागे लाल पुरळ उठलं आणि दोन दिवसांत अंगभर पसरलं. ताप चढला. मासिमा सकाळ-संध्याकाळ येऊन बसत, चमच्याचमच्यानं पाणी पाजत, तिचा श्वास कसा चाललाय ते पाहत. आठवड्यानं लीनानं आपणहून वरणभात मागितला.

मग शैलाचं पत्र आलं. "तार आली तेव्हा ट्रंक भरून तयार होती. ताई, खरं सांगू, रागच आला होता तुझा. आता बाळाकडे पाहिलं की अंगावर काटा येतो. तुझ्या मासिमांना माझा नमस्कार सांग."

श्यामला पत्र घेऊन वर गेली. तिला बंगाली येईना, हिंदी सुचेना. ती वाकली आणि मासिमांच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागली.

"पागली मेये," वेड्या लेकीला म्हणावं तसं म्हणत मासिमांनी तिला उठवून जवळ घेतलं.