टॉलेफसनने आखलेली हद्द

व्हर्लिन टॉलेफसनला जमीन विकायची नव्हती. फक्त ती विकू नकोस असं शहराने त्याला सांगायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्यापायी आमची कमिटी सात महिने जागची हलली नव्हती.

कमिटीत सहा जण, व्हर्लिन धरून तीन आमच्या गावचे, तीन शेजारच्या शहराचे. शहर सरकत सरकत आमच्या मक्याच्या बांधापर्यंत आलं, तेव्हा दोन्हीकडच्या बोर्डांनी मिळून ठरवलं की मधल्या जमिनीचा झोन बदलायचा. तिथे शेतीच राहील आणि पस्तीस एकरांत एकच घर, म्हणजे वसाहती बांधणाऱ्यांना जमीन विकायची सोय राहत नाही. हद्द कुठून न्यायची ते कमिटीने सांगायचं. ठरावाला चार मतं लागत. आमचे बाकीचे दोघं व्हर्लिनच्या तोंडाकडे बघून हात वर करायचे, त्यामुळे दर वेळी तीन विरुद्ध तीन. मी गावची कारकून, हे सगळं लिहून घेणं माझ्याकडे.

शहराच्या बाजूला आर्डिस क्रुगर होत्या, वय एक्याऐंशी. त्यांनी व्हर्लिनला पाचवीत शिकवलं होतं. आता त्रेसष्टाव्या वर्षीही त्यांच्यापुढे बोलायचं झालं की त्याचा हात आपोआप वर जायचा. लक्षात आलं की तो डोकं खाजवल्यासारखं करायचा.

मार्चच्या बैठकीत बाईंनी त्याला विचारलं, "व्हर्लिन, तुला जमीन विकायचीय का?"

"नाही, बाई."

"तुझ्या मुलीला?"

"तीही नाही म्हणते. गाई आता तीच बघते."

"मग अडलंय कुठे?"

"विकायची नाही, हे मी ठरवणार. तेही तुम्हीच ठरवलंत तर मला काय उरलं?"

"नकाशा उरला." बाईंनी टेबलावरचा नकाशा गुंडाळून त्याच्या हातात दिला. "घरी ने. हद्द तूच आख आणि पुढच्या गुरुवारी घेऊन ये."

"गृहपाठ देताय होय मला?"

"पाचवीतलाही बराच राहिलाय तुझा."

तो आठवडाभर व्हर्लिनची गाडी कुठल्या ना कुठल्या बांधाशी उभी दिसायची. लोकांच्या गोठ्यात जाऊन तो विचारपूस करत होता. गुरुवारी त्याने नकाशा पसरला. लाल पेन्सिलीची रेष इतकी नीटस होती की शहराचा इंजिनियर चष्मा काढून वाकला. व्हर्लिनची स्वतःची दोनशे चाळीस एकर जमीन पूर्ण आत होती. पण ओढ्यापाशी येऊन रेष पलीकडे उतरली होती आणि आर्डिसबाईंची सहा एकरांची सफरचंदाची बाग वेढून परत आली होती.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"सफरचंदं म्हणजे शेतीच की, बाई. आणि ओढ्याला पाणी तिथल्याच उतारावरून येतं. पाणी कुठून येतं ते आधी बघावं, हे तुमचंच शिकवणं."

बाईंनी बागेभोवतीच्या रेषेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबू या."

बाहेर कॉफीच्या टेबलापाशी त्या मला म्हणाल्या, "ज्युनेल, त्या बागेच्या कोपऱ्यात माझी भाची घर बांधणार होती, रेषेच्या आत गेल्यावर ते व्हायचं नाही. कुणाला बोलले नव्हते. आता वय झालं, कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावं वाटतं."

व्हर्लिन मागेच होता. रूबार्बच्या आंबट देठांची वडी उचलायला आला होता, ती हातातच राहिली. त्याचे कान लाल झाले.

"पुसून टाकतो तेवढा कोपरा," तो म्हणाला. "पेन्सिलच आहे, बाई."

"आणि उद्या तुझे शेजारी म्हणाले, बाईंचा पुसलास तर आमचाही पूस, तर?"

व्हर्लिनने वडी परत ताटलीत ठेवली.

"राग मात्र आलाय मला," बाई म्हणाल्या. "जागा माझी, आणि ठरवतोय हा."

"मग सात महिने मी दुसरं काय सांगत होतो?"

"कळत होतं रे. पण तेव्हा दुखत नव्हतं."

आत गेल्यावर मतं घेतली. पहिला हात बाईंचाच वर गेला. पाठोपाठ शहराचे दोघं. आमच्या दोघांनी सवयीने व्हर्लिनकडे बघितलं, तर तो छताकडे बघत बसलेला. शेवटी दोघांनी एकदाचे आपापल्या जबाबदारीवर हात वर केले. पाच झाले. विरोधात कोण, असं विचारताच व्हर्लिनचा हात वर गेला. या खेपेला त्याने डोकं खाजवलं नाही.

"अरे, हद्द तर तूच आखलीस," बाई म्हणाल्या.

"हद्द बरोबर आहे. विरोध तत्त्वाला आहे. ज्युनेल, अगदी असंच लिही."

मी तसंच लिहिलं. जूनमध्ये दोन्ही बोर्डांनी ठराव मंजूर केला. बाईंच्या भाचीने शहरात घर घेतलं, गाडीने अकरा मिनिटांवर.

त्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला आणि सकाळी सातला व्हर्लिन ट्रॅक्टर घेऊन बर्फ हटवायला बाईंच्या दारात हजर. कोणी बोलावलं नव्हतं. पुढेही बर्फ पडला की तो येतोच. बाई खिडकीतून बोट दाखवून राहिलेला कोपरा साफ करायला लावतात, मग कॉफीला आत घेतात. एकदा म्हणे त्याने विचारलं, "बाई, अजून राग आहे?" बाई म्हणाल्या, "आहे." तो म्हणाला, "मलाही आहे," आणि बिस्किटांचा डबा पुढे ओढला.

त्याच्या मुलीची तक्रार अशी की बर्फ बोटभर पडो की हातभर, बाबा दहाच्या आत गोठ्यात परतत नाहीत.