पिशवीतले दोनशे अकरा तास

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जुनी असले तरी आजही काठोकाठ भरलेली आहे, आणि हीच माझी तक्रार आहे.

मी काचेची नाही. मी एका व्हिडिओ गेममधली आहे. त्या गेममध्ये एक अफाट राज्य आहे. डोंगर, जंगले, ओस पडलेले किल्ले आणि सगळ्यात शेवटी एक ड्रॅगन, ज्याने राजपुत्राला डांबून ठेवले आहे. तिथे कुठेही जावे, काहीही करावे, अशी पूर्ण मुभा आहे. पूर्ण मुभा मिळाली की माणूस काय करतो, हे मी जवळून पाहिले आहे. तो अळंबी वेचत बसतो.

माझे चित्र एका तरुणीने एका दुपारी काढले. निळा रंग तिने तीनदा बदलला आणि खाली एकच ओळ लिहिली : 'मरता योद्धा पूर्ण बळाने पुन्हा उभा राहतो.' साऱ्या राज्यात माझ्यासारखी दुसरी बाटली नाही. मला एका तळ्याच्या तळाशी, पेटीत ठेवण्यात आले.

तिथून मला काढले एका प्लंबरने. रिमोट त्याच्या हातात असे आणि त्याची मुलगी शेजारी बसून वाट दाखवी. पेटी तिनेच हेरली. मला पाहून प्लंबर सोफ्यावरून उठून उभा राहिला.

"अगं, ही तर एकच आहे! ही जपून ठेवायची."

माझे कौतुक झाले ते एवढेच. मग मी पिशवीत गेले, आणि खेळाचे दोनशे अकरा तास झाले तरी तिथेच आहे. सोबतीला तीनशे चाळीस अळंबी, बावन्न लांडग्यांची कातडी आणि फाटक्या बुटांचे नऊ जोड होते. फाटके बूट कशासाठी घेतले, हे विचारायची सोय नव्हती. हा माणूस घरीही असाच असावा. त्याची बायको एकदा मागून जाताना म्हणाली, "कपाटात चार नवे टॉवेल पडलेत, आणि हे अंग पुसतात पोतेऱ्यानं."

"पाहुणे आले तर लागतील," प्लंबर म्हणाला.

मी पाठीवर असताना त्याचा योद्धा एकशे त्रेसष्ट वेळा मेला. कधी लांडग्यांनी फाडला, कधी दलदलीत बुडाला. एकदा तर घोड्यासकट कड्यावरून पडला, आणि त्यात घोड्याची काही चूक नव्हती. दर वेळी मुलगी म्हणे, "बाबा, निळी पी ना!" आणि दर वेळी उत्तर एकच : "थांब गं, पुढे लागेल."

मग मुलीला परगावी नोकरी लागली. जाण्याआधी दोघांनी मिळून ड्रॅगन मारायचा, असे ठरले. प्लंबरने त्या दिवशी सुट्टी घेतली. सकाळी नऊला दोघे बसले. गाडी अकराला येणार होती. दाराशी तिच्या दोन बॅगा तयार होत्या.

दहा वेळा हरले. अकराव्या वेळी ड्रॅगन अगदी लुळा झाला. आणखी चार घाव बसले असते, तर पडला असता. योद्ध्यातही जीव नावालाच उरला होता. प्लंबरने पिशवी उघडली. पिशवी उघडी असली की या गेममध्ये सगळे थांबते, ड्रॅगनही जबडा वासून जागच्या जागी उभा राहतो. म्हणजे विचार करायला हवा तेवढा वेळ होता. त्याने पडद्यावरचे बोट माझ्यावर आणले.

खाली हॉर्न वाजला.

"बाबा, गाडी आली. पी ती."

"एकच आहे गं."

"आणि ड्रॅगन किती आहेत?"

"याच्यामागून अजून कोणी निघाला म्हणजे?"

"कोणी नाही निघत! हा शेवटचाच आहे!"

त्याने बोट हलवले आणि थोडेसेच बळ देणारी एक साधी लाल बाटली प्याला. पिशवी बंद झाली. ड्रॅगनने एका फुत्कारात योद्ध्याला जाळले.

मुलगी हसली आणि त्याच्या खांद्यावर थापटून म्हणाली, "राहू दे. आले की मारू." बॅगा उचलून ती गेली. प्लंबर रिमोट हातात धरूनच जिन्यापर्यंत गेला.

पुढे तो रोज सराव करू लागला. ती सुट्टीला आली की एका फटक्यात जिंकून दाखवायचे, असा त्याचा बेत होता. तिसऱ्या आठवड्यात, सराव करता करता, ड्रॅगन मेला. राजपुत्र सुटला. नगारे वाजले. गेमने आपणहून नोंद केली, ती पुसता येत नाही. प्लंबरने मुलीला फोन लावला.

"अगं, मेला तो. मी मुद्दाम नाही मारला."

"अरे वा, बाबा! निळी प्यालास?"

"छे! ती आहे ना. तू आलीस की मिळून वापरू."

"कशावर, बाबा?"

आता त्या राज्यात लांडग्यांपेक्षा मोठे काही उरलेले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू बोलू लागल्या की शेवटी विनंती करतात, आम्हाला जपा. मला कुणी जपू नका. मला ज्या क्षणासाठी बनवले, तो क्षण अकरा वाजता आला होता. पिशवी उघडी होती आणि मुलगी त्याच्या शेजारी बसली होती. तुमच्या पिशवीत असे काही असेल, तर आज प्या आणि बाटली फेकून द्या. तुमची माणसे शेजारी बसली आहेत, तोवर प्या.