काम कोणाचं?

आमच्या मास्टरांना पोलिसांनी धरलं ते त्यांच्या जिभेमुळे. हातांनी त्यांनी काहीच केलं नव्हतं.

मास्टर म्हणजे माझे यजमान. बाजारात आमचं कुलपांचं दुकान आहे, आणि मास्टर-कीवरून लोकांनीच त्यांना हे नाव ठेवलं. दातांच्या एका डॉक्टरच्या घरी भरदुपारी चोरी झाली. घरी कोणी नव्हतं. दाराला ओरखडा नाही, कडी शाबूत, कुलूप किल्लीशिवाय उघडलेलं. ते कुलूप तीनच आठवड्यांपूर्वी आमच्या दुकानातून बसवलेलं. हवालदारांनी मास्टरांना त्या दारापुढे उभं केलं आणि विचारलं, "हे काम तुमचंच ना?"

मास्टरांनी चौकटीवरून तळवा फिरवला. "माझंच," म्हणाले. "एवढं साफ काम इथे दुसरा कोण करणार?"

हवालदार चोरीबद्दल विचारत होते आणि आमचे हे कुलूप बसवण्याबद्दल सांगत होते. जबाबात मात्र वाक्य जसंच्या तसं उतरलं. बढाई कुठे मारावी हे माणसाला साठाव्या वर्षीही कळू नये, याला काय म्हणायचं?

माझ्या धाकट्या दिरांनी धावपळ करून मोठ्या शहरातला नामांकित वकील गाठला. जामीन त्यांच्याच माणसाने करून दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खुद्द वकीलसाहेब काही दिसले नाहीत. त्यांचा असिस्टंट आला, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेले कागद घेऊन. मास्टर कागद घेऊन आतल्या खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने सह्या करून बाहेर आले. असिस्टंट तोवर फोन बघत बसला होता. निघताना म्हणाला, "साहेबांचं मत आहे की गुन्हा कबूल करावा. जबाबात तुम्ही म्हटलंच आहे. पहिलाच गुन्हा, वर्षभरात सुटाल."

"बरं," मास्टर म्हणाले.

न केलेल्या चोरीसाठी हा माणूस तुरुंगात जायला तयार होता, आणि तो का तयार होता हे जगात फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्याच बाजारातल्या लॉन्ड्रीच्या वरच्या वकीलबाईंकडे नेलं. दीर चिडले. "वहिनी, ती भाडेकरूंची भांडणं सोडवते! तिच्याकडे कोण जातं?"

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. भावजींना दुरून डोंगर साजरे वाटत होते. मी एवढाच विचार केला की ही बाई रोज याच कोर्टात उभी राहते, न्यायाधीश तिला ओळखतात, आणि बोलावलं तर तिला जिना उतरून यायला दोन मिनिटं लागतात.

वकीलबाईंच्या ऑफिसात खालच्या इस्त्रीची वाफ येत होती. त्यांनी जबाब दोनदा वाचला आणि हसल्या. "माझ्या आईच्या कपाटाचं कुलूप बिघडलं तेव्हाही हे असंच म्हणाले होते. 'माझंच काम आहे, काळजी नको.' कारागीर असंच बोलतो. पण न्यायाधीशांना नुसतं एवढं सांगून भागणार नाही." मग वकीलपत्र पुढे सरकवलं. "सही करा."

"घरी करून आणतो," मास्टर म्हणाले.

"ही माझ्यासमोरच लागते."

मास्टरांनी पेन घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी पेन कागदावर टेकायच्या आधीच नाचायला लागलं. एवढंसं नाव, पण संपता संपेना. वकीलबाई सहीकडे बघत होत्या. सही झाल्यावर त्यांनी मास्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?" मास्टर म्हणाले.

"दोन वर्षं झाली," मी म्हणाले.

दोन वर्षं आम्ही ते लपवलं होतं. दुकानात मागे पडदा आहे. गिऱ्हाइकाशी मास्टर बोलायचे, कुलूप हातात घेऊन मान डोलवायचे आणि पडद्याआड यायचे. आत मी असायची. मी उघडून द्यायची, ते बाहेर नेऊन ठेवायचे. बसवायच्या कामाला आम्ही दोघं जायचो, लोकांना वाटायचं मी हत्यारं द्यायला येते. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरच्या दारावरचं ते साफ कामही माझंच होतं.

वकीलबाईंनी लगेच विचारलं, "चोरीच्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

"लेकीच्या बाळंतपणाला. सकाळपासून दवाखान्यात."

"तिथली नोंद मागवते. नाहीतर यांना सोडवायला जाऊ आणि तुम्हाला अडकवून येऊ." त्यांनी लिहून घेतलं. "हातांचं डॉक्टरांकडून लिहून आणा. पण सरकारी वकील म्हणणार, नाटक आहे. म्हणून भर कोर्टात यांना तसंच कुलूप किल्लीशिवाय उघडायला देऊ. नाटक करायचं नाही, मास्टर. मनापासून प्रयत्न करायचा."

"नाही," मास्टर म्हणाले. "त्यापेक्षा मी कबूल करतो."

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, तुम्ही आत गेलात तर दुकान चालणार कसं? ते म्हणाले, "तू चालवशील. तसंही तूच चालवतेस." ते इतकं हळू म्हणाले की मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला.

"चोर म्हणवून घ्यायला लाज नाही, आणि हात थरथरतात म्हणायला आहे?" मी म्हणाले.

"चोर म्हणतील ते खोटं असेल," मास्टर म्हणाले. "हे खरं आहे."

मी लेकीला फोन लावून त्यांच्या कानाला दिला. पलीकडे बाळ रडत होतं. त्यांनी ते बराच वेळ ऐकलं आणि सकाळी स्वतःच कोर्टाचा शर्ट मागितला.

तारखेला अर्धा बाजार आला होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण दुसऱ्याचं कुलूप बघायला सगळेच शहाणे चढले. वकीलबाईंनी नव्या कुलपाचं सीलबंद खोकं सरकारी वकिलांच्या हातून उघडून घेतलं. डॉक्टरच्या दाराला होतं त्याच कंपनीचं, तेच मॉडेल. न्यायाधीशांनी घड्याळ काढून समोर ठेवलं.

मास्टरांनी तार आत घातली. ती भोकावर आपटून बाहेर आली. पुन्हा घातली. कोर्टात नुसता तिचा आवाज येत होता. पाच मिनिटं झाली. त्यांच्या कानांमागून घाम उतरला. सरकारी वकील म्हणाले, "साहेब, हा अभिनय आहे." पण मी मास्टरांच्या जबड्याकडे बघत होते, आणि मला कळलं की हा माणूस कुलूप खरंच उघडायला बघतोय. वकीलबाईंनी सांगितलं म्हणून नाही. उघडलं तर तुरुंग हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरीही त्याला ते उघडायचं होतं. आणि मी, त्याची बायको, ते उघडू नये म्हणून मुठी आवळून बसले होते.

दहा मिनिटांनी न्यायाधीश म्हणाले, "पुरे. ठेवा ते."

"साहेब, एक मिनिट," मास्टर म्हणाले. "येतंय. एकच मिनिट द्या."

"आजोबा, पुरे झालं. तुमच्या बाजूनेच आहे हे."

"एकच मिनिट, साहेब."

तार खाली पडली. ती उचलायला ते वाकले, आणि ती त्यांच्या बोटांत येईना. मागे कोणीतरी हसलं. वकीलबाई नजरेने मला बसून राहायला सांगत होत्या. कोर्टात विचारल्याशिवाय उठायचं नसतं, हे मला माहीत होतं. मी उठले, पिंजऱ्याशी गेले आणि हात पुढे केला.

"अहो, द्या इकडे."

सगळ्या बाजारासमोर मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कुलूप माझ्या हातात दिलं.