पाटावरचा हातोडा

मित्रांनो, माझ्या अंगाला अजून राळेचा वास येतो असे लोक म्हणतात. मला स्वतःला तो आता जाणवत नाही. मी एक जुना लाकडी हातोडा आहे, पण खिळे ठोकणारा नव्हे. माझा दांडा माणसाएवढा लांब आहे आणि डोके वासराच्या डोक्याएवढे.

आल्प्सच्या डोंगरात, हिमनदीच्या पायथ्याशी लेर्खमाट नावाचे गाव आहे. तिथे माझा जन्म झाला, आणि तो काही मायेने झाला नाही. वसंतात वरून बर्फाचा कडा सुटला आणि त्याने लार्च नावाच्या उंच झाडांचे अख्खे रान आडवे केले. शंभर-शंभर वर्षांची झाडे काड्यांसारखी मोडली. गावच्या सुताराचा भाऊ त्या दिवशी रानात होता. बर्फ उपसला तेव्हा तो एका मोडलेल्या खोडाखाली सापडला. सुताराने तेच खोड घरी ओढून नेले. आधी त्याने भावासाठी पेटी केली आणि उरलेल्या लाकडातून मला घडवले.

आमच्या गावात पाऊस कमी आणि ऊन कडक. गवत आणि राय नावाचे धान्य पिकवायचे तर पाणी हिमनदीचेच. ते पाटाने गावापर्यंत यायचे, कुठे खडकात खोदलेल्या चरातून, कुठे कड्याला टांगलेल्या फळ्यांच्या पन्हळीतून. गावाच्या वर, जिथे पाट वळण घेतो, तिथे एक चाक बसवले होते. पाणी चाक फिरवी, चाकाचा दात मला उचली आणि मी खालच्या फळीवर आदळे. ठक्. पुन्हा ठक्. दिवसरात्र हेच. सगळ्या शिवारात माझा आवाज पोचे.

मी ठोकत असलो म्हणजे पाणी नीट येते आहे. थांबलो म्हणजे वर कुठेतरी पाट फुटला. मग पाट राखणाऱ्या पाटकऱ्याने हातातला घास टाकून वर धावायचे. म्हणजे पाहा मित्रांनो, माझे काम आवाज करण्याचे वाटते, पण खरे काम गप्प होण्याचे होते.

एका दुष्काळात खालच्या गावची माणसे कुदळी घेऊन आली आणि त्यांनी पाट आपल्याकडे फोडला. मी थांबलो. आमची माणसे धावली. कड्यावरच्या अरुंद फळीवर कुदळीला कुदळ भिडली. पाट पुन्हा बांधला तेव्हा पहिले पाणी आले ते लाल. त्यात माझे चाक फिरले. दोन माणसे मेली, एक आमचा, एक त्यांचा. पुढे त्यांची हाडे कोरड्या घळीतल्या छोट्या प्रार्थनाघरात ठेवली. तिथे जुन्या कवट्या फळ्यांवर रचून ठेवायची रीत होती. या दोघांच्या कवट्या शेजारी शेजारी आल्या, कारण जागा तेवढीच उरली होती.

बरीच वर्षे गेली आणि शहरांतून पाहुणे येऊ लागले. त्यांना हिमनदीचे निळे तोंड पाहायचे असे, घळ पाहायची असे, आणि सगळ्यांत जास्त त्या कवट्या पाहायच्या असत. आमच्या माणसांना याचे नवल वाटे. पण पिउस नावाच्या माणसाने हे ओळखले आणि गावात पाहुण्यांसाठी खानावळ आणि खोल्या काढल्या. सुरुवातीला मला शाबासकी मिळाली. बायका छत्र्या मिटून माझ्यासमोर उभ्या राहत, मुले माझ्या ठोक्यावर टाळ्या वाजवत. मीही थोडा फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

पण कौतुक झोपेपर्यंतच टिकते. पहाटे पाहुणे उशीत तोंड खुपसून म्हणत, हे थांबत का नाही?

तेव्हा थेओडुल पाटकरी होता. चांगला माणूस, कड्यावर शेळीसारखा चालणारा, पण कुणाला नाही म्हणता येत नसे. पाहुण्यांना हिंडवायला पिउस त्यालाच नेई. एका सकाळी पिउस त्याच्याबरोबर माझ्याजवळ आला आणि म्हणाला की मंडळी घळीतून परत येऊन जेवेपर्यंत हा बांधून ठेवू. रात्रभर झोपली नाहीत ती, तेवढा वेळ तरी त्यांच्या कानांना आराम.

थेओडुलची बायको अगाथा तिथेच होती. ती त्या पाटावरच लहानाची मोठी झाली होती. ती म्हणाली, "मग तुमच्या पाहुण्यांना कान बांधायला सांगा की. दोर कमी पडला तर मी देते."

पिउस हसला. तो तिचा चुलतभाऊ, तिच्या जिभेची त्याला सवय होती. "अगाथे, तुझ्या तोंडालाही एक चाक लावलंय देवाने, ते काही थांबत नाही."

"अगं, जेवणापर्यंतच," थेओडुल म्हणाला. "पाणी काय पळून जातंय?"

त्याने वासराच्या दाव्याने माझा दांडा खांबाला करकचून बांधला. चाक खाली फिरत राहिले, दात रिकामा वर-खाली होत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाणी वाहत असताना मी गप्प होतो. अगाथा विळा घेऊन कुरणात उतरली. त्या दिवशी पाण्याची पाळी तिची होती.

दुपारी वरच्या शिखरांवर ढग गडगडला आणि पाऊस कोसळला. गावात ऊन होते. कोरड्या घळीच्या माथ्यावरची दरड सैल झाली आणि दगडमाती पाटावर येऊन बसली. पन्हळ मोडली. पाटाचे सगळे पाणी आता त्या ढिगाऱ्यात मुरू लागले. आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल की असा ढिगारा पाणी पिऊन पिऊन फुगतो आणि मग एकदम सुटतो. आणि त्याच घळीत, खाली प्रार्थनाघरात, थेओडुल, पिउस आणि पाहुणे कवट्या पाहत उभे होते.

माझ्या चाकाचे पाणी आटले. चाक थांबले. मित्रांनो, आयुष्यभर ज्या एका क्षणासाठी मला घडवले होते तो आला होता, आणि जो आधीच गप्प आहे त्याने आणखी गप्प कसे व्हावे?

खाली कुरणात अगाथाच्या चरातले पाणी बारीक झाले आणि तुटले. तिने वर पाहिले. दुसरी कुणी असती तर शेजारणीने पाणी वळवले म्हणून भांडायला गेली असती. अगाथा धावत चढण चढून माझ्यापाशी आली. तिने कोरडा पाट पाहिला, घळीच्या माथ्यावरचा तपकिरी ढीग पाहिला. घळ समोर दिसत होती, पण हाक पोचण्यासारखी नव्हती. धावत जायला वेळ नव्हता. तिने विळ्याने दावे कापले, माझा दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि फळीवर आदळला. ठक्.

आणि ती थिजली.

तिच्या लक्षात आले की माझा आवाज म्हणजे "सगळे ठीक आहे". जितके जोरात ठोकावे तितके घळीतली माणसे निर्धास्त होणार. धोक्याची खूण फक्त माझ्या गप्प राहण्यात होती, आणि ते गप्प राहणे सकाळपासून चालूच होते. त्याच्याकडे कोण लक्ष देणार?

मग तिने मला पुन्हा उचलले आणि ठोकू लागली. घाईने नाही. पाणी ठोकते तशी, सावकाश, सारख्या अंतराने. नवरा घळीत, वर दरड फुगते आहे, आणि ही बाई त्याला सांगते आहे की सगळे ठीक आहे. तिच्या तळव्यांची साल निघाली. माझा दांडा ओला झाला. तरी तिने चाल मोडली नाही. त्यांच्या कानांना सवय होईपर्यंत ठोकायचे होते.

मग ती थांबली.

घळीत काय घडले ते पुढे पिउसने खानावळीत इतक्यांदा सांगितले की मला ते पाठ आहे. तो पाहुण्यांना कुदळीची खोक पडलेली कवटी दाखवत होता. माझा आवाज ऐकून तो थेओडुलला म्हणाला की तुझ्या बायकोला जेवणापर्यंतही दम निघेना. पाहुणे हसले. थेओडुलही हसला. त्याच्या मनावरचे ओझे उतरले होते, पाणी ठीक होते. पिउसने गोष्ट पुढे चालू केली. आणि आवाज तुटला.

पिउसचे वाक्य अर्धे राहिले. मला बांधायला लावणारा तो, पण त्याचे पाय त्याच्या डोक्याच्या आधी दाराकडे वळले. लेर्खमाटच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

समजावायला सवड नव्हती. दोघांनी पाहुण्यांना ढकलत, ओढत बाहेर काढले आणि काठावरच्या गवताच्या चढावर हाकलले. एक म्हातारे गृहस्थ कवटीचे चित्र काढत बसले होते. ते म्हणाले, पाचच मिनिटे. थेओडुलने त्यांच्या मांडीवरची फळी लाथेने उडवली, कॉलर धरून त्यांना उठवले आणि ते हात झाडू लागले तेव्हा त्यांच्या थोबाडीत दिली. सभ्य माणसाला मारण्याची ती त्याची पहिली आणि शेवटची वेळ.

मग दरड सुटली. आधी वारा आला, मग आवाज, मग घळभर चिखल, दगड आणि उभी-आडवी झाडे. प्रार्थनाघर एखादे अंडे फुटावे तसे फुटले. कवट्या लोंढ्यावर उसळताना दिसल्या आणि बुडाल्या. थेओडुलने म्हाताऱ्याला वर फेकले, पण एका ओंडक्याने त्यालाच काठाच्या खडकावर चेचले. पिउस मागे फिरून खाली उतरला. गुडघाभर चिखलात उभे राहून त्याने चुलतबहिणीच्या नवऱ्याचे केस धरले, मग पट्टा धरला, आणि सोडले नाही.

इकडे अगाथाने हे सगळे दुरून पाहिले. प्रार्थनाघर होते तिथे काही उरले नाही. माणसे निघाली की नाही ते तिला दिसले नव्हते. मला पुन्हा ठोकणेही शक्य नव्हते, कारण एक ठोका पडला असता तर वर चढणारा एखादा म्हणाला असता, ठीक आहे, परत फिरू. म्हणून ती माझा दांडा छातीशी घट्ट धरून बसून राहिली. मी खूप काही सोसले आहे, पण तेवढा जड मी कधीच झालो नव्हतो.

अखेर गवतावरून माणसांची रांग येताना दिसली. पुढे पिउस होता आणि त्याच्या पाठीवर थेओडुल. थेओडुलच्या उजव्या हाताकडे पाहवत नव्हते. अगाथाने त्याचे तोंड आपल्या डोक्याच्या रुमालाने पुसले.

तो म्हणाला, "ठोकत होतीस तेव्हा मनात शिव्या दिल्या तुला."

"दे," ती म्हणाली. "थांबले तेव्हा ऐकलंस ना?"

थेओडुलचा हात गेला. पुढची सगळी वर्षे पाट अगाथाने राखला. पिउस मला बांधण्याचे नाव पुन्हा काढेना. एखादा पाहुणा कुरकुरला तर तो म्हणे, "साहेब, आवाजाने झोप येत नसेल तर कूस बदला. आवाज थांबला तर मात्र पँट चढवायलासुद्धा थांबू नका."

नंतर डोंगरातून बोगदा पाडला आणि पाणी लोखंडी नळातून येऊ लागले. मला काढले. काही वर्षे मी कोंबड्यांच्या खुराड्याचे दार अडवायला होतो. त्या काळाबद्दल मी फार बोलत नाही. आता पिउसच्या नातीने मला खानावळीच्या भिंतीवर टांगले आहे. माझे डोके उभे चिरले आहे. जुना पाटही पाहुण्यांसाठी पुन्हा वाहता केला आहे आणि वळणावर माझ्या जागी नवा हातोडा ठोकतो आहे. नव्या दमाचा आहे, आवाज जरा चिरका, पण कामाचा.

मित्रांनो, तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर त्याला भेटा. त्याच्यावर चढू नका, त्याच्या चाकात काटक्या घालू नका. रोज तेच ते ठोकणाऱ्याचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरातही असे कुणी असेल, सारखे तेच सांगणारे. कंटाळा करा, हरकत नाही. पण त्याला बांधू नका. आणि तो ठोकता ठोकता एकदम थांबला, तर मजा पाहत उभे राहू नका. शेजारच्याचा हात धरा आणि गवतावर चढा.