टाकेवालीचं आठवं ठिगळ

मित्रांनो, माझ्या कोपरावरची ठिगळं बघून नाकं मुरडू नका. मी अंतराळात घालायचा एक जुना पोशाख आहे, आणि एकेकाळी माझाही रुबाब होता. कारखान्यात माझे थर एकावर एक बसवून झाले तेव्हा तपासनीस म्हणाला होता, "हा घालणाऱ्यापेक्षा जास्त टिकेल." ते बोलणं मी फार मनावर घेतलं.

मालवाहू यानावरच्या एका वेल्डरच्या वाट्याला मी आलो. बाहेर खडे आपटून यानाच्या पत्र्याला भेगा पडत. त्या सांधायला तो मला चढवून बाहेर जाई. कामाला वाघ, पण बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. त्याच यानावर पोशाख दुरुस्त करणारी एक बाई होती. सगळे तिला टाकेवाली म्हणत. ठिगळ लावून झालं की त्यावर तळहात दाबून ती म्हणायची, "जा, सांभाळून या." या एवढ्याशा वाक्यासाठी वेल्डर जीव टाकायचा.

आता सांगायला लाज वाटते. तिच्याकडे जायला निमित्त हवं म्हणून हा बाबा कात्रीच्या टोकानं माझं डावं कोपर फाडायचा. वरचाच थर, पण फाटायचो मीच ना? असं सात वेळा झालं. सातव्या वेळी टाकेवालीनं काठावरून बोट फिरवलं. "झिजून फाटतं ते इतकं सरळ फाटत नाही," एवढंच ती म्हणाली. वेल्डरचे कान लाल झाले.

आठव्या वेळी मात्र मी यानाबाहेरच्या कठड्याला घासून खरोखरच झिजलो होतो, अगदी आतपर्यंत.

"या वेळी मी काही केलेलं नाही," वेल्डर म्हणाला.

"मला दुसरी कामं नाहीत का?" असं म्हणत टाकेवालीनं काठ न बघताच एकेरी ठिगळ लावून मला परत केलं. तळहातही दाबला नाही. मला तोंड असतं तर मी तिथेच बोललो असतो.

बाहेर अर्धं काम झालं आणि ठिगळाची कड सुटली. माझ्यातली हवा निघून जायला लागली. वेल्डरनं उजव्या हातानं कोपर आवळलं. पण दार चाळीस हातांवर, आणि कठड्यावरून सरकायला दोन्ही हात लागतात. "कोपर गळतंय," तो रेडिओवर हळूच म्हणाला.

टाकेवाली आत रेडिओपाशीच होती. ती जन्मात यानाबाहेर पडली नव्हती. खिडकीतून बघितलं तरी तिला भोवळ यायची. कप्तानीणबाई कुणाला पाठवावं याचा विचार करेपर्यंत ती राखीव पोशाखात शिरलीसुद्धा. इकडेतिकडे न बघता, एकेक हात पुढे टाकत ती आली. तिनं माझ्या कोपराला दुहेरी पट्टी गुंडाळली आणि वर तळहात दाबून धरला. उरलेल्या एकेका हातानं कठडा धरत दोघं दारापर्यंत पोचली. तोवर हवा संपतच आली होती.

आत आल्यावर तिचे हात थरथरायला लागले. "न बघता शिवलं मी. चूक माझी."

"सात वेळा फसवल्यावर कोण बघेल?" वेल्डर म्हणाला. "मला तुमच्याशी बोलायचं असायचं. धीर होत नव्हता."

"आणि बाहेर लटकायला होतो?" तिला आधी हसू आलं, मग रडू.

आठवं ठिगळ तिनं त्याच दिवशी नव्यानं लावलं. त्याचे टाके वाकडे आहेत. लग्न त्यांनी यानावरच केलं.

पुढे बिनटाक्यांचे पोशाख आले आणि मी कोठारात खोक्यांखाली गेलो. नऊ वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? निवृत्त होताना त्या दोघांनीच मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या शिवणाच्या खोलीत खुंटीवर असतो.

मित्रांनो, एकच मागणं आहे. कुणी काही फाटकं घेऊन आलं, तर रागात असलात तरी आधी नीट बघा.

वेल्डर आता म्हातारा झालाय. परवाच तो कोपराला फाटलेला सदरा घेऊन आला. तिनं काठावरून बोट फिरवलं. फाटलं होतं अगदी सरळ. तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, आणि तरी दुहेरीच ठिगळ लावलं. तो निघाला होता फक्त अंगणातली खुर्ची दुरुस्त करायला. तिनं ठिगळावर तळहात दाबला आणि म्हणाली, "जा, सांभाळून ये."